तिकीट जबलपूरचं, उतरायचं पिपरियाला

पत्र

ताई,
आमचे हे येत्या डिसेंबरात पन्नास पूर्ण करतात. नोकरी ठाण्याला, आठवडाभर तिकडेच खोलीवर राहतात आणि शुक्रवारी रात्री नाशिकला घरी येतात. मूळचे अमरावतीकडचे. त्यांचे आजोबा खांद्यावर त्रिशूळ घेऊन महादेवाला जायचे, म्हणजे पचमढीच्या चौरागडाला. 'थोडा मोठा हो, तुला पण नेतो' असं ह्यांना म्हणायचे. ते राहूनच गेलं. संसाराच्या इतक्या वर्षांत ही गोष्ट मी शंभरदा तरी ऐकली असेन. आता मला त्यांना काही न सांगता तिथे न्यायचंय.

अडचण अशी, की घरातली सगळी तिकिटं तेच काढतात. गाड्यांच्या वेळा तोंडपाठ. आणि फोन वाजला की आधी तेच उचलून बघतात, मग तो माझा का असेना! माझ्या डोक्यात असं आहे: शुक्रवारी रात्री मुंबईहून जबलपूरकडे जाणाऱ्या गाडीचं ह्यांचं कल्याण ते नाशिकरोड तिकीट मीच काढायचं. गाडी नाशिकरोडला आली की बॅगा घेऊन आत चढायचं आणि म्हणायचं, "उतरू नका, आपण पुढे चाललोय!" पुढचं तिकीट टीसीकडून वाढवून घ्यायचं. जमेल का? माझी मैत्रीण म्हणते त्यापेक्षा सरळ जबलपूरचं तिकीट काढ आणि मधेच पिपरियाला, म्हणजे पचमढीसाठीच्या स्टेशनावर, उतर, म्हणजे कुणाला पत्ता लागणार नाही. पण असं मधे उतरलेलं चालतं का? दंड तर होणार नाही ना?
— एक वाचक, नाशिक

उत्तर

तुमची मैत्रीण हुशार आहे. तिला धरून ठेवा.

आधी तुमच्या बेताबद्दल, कारण तो वाचताना मलाही ते दृश्य दिसलं आणि क्षणभर वाटलं, करू दे की बाईला! पण जरा जवळ जाऊन बघू. तिकडच्या गाड्या नाशिकरोडला येतात मध्यरात्र उलटल्यावर. डब्यातले दिवे मालवलेले. तुमच्या ह्यांना उतरायचंय, म्हणून ते स्टेशन यायच्या दहा मिनिटं आधीच पाठीला सॅक लावून दारात उभे. गाडी थांबणार जेमतेम काही मिनिटं. तुम्ही दोन बॅगा घेऊन फलाटावर. डबा तुमच्या अंदाजापेक्षा चार डबे पुढे गेलेला. तुम्ही पळताय आणि हे दुसऱ्याच दारातून उतरून जिना चढायला लागलेत. तुम्ही आत, ते बाहेर, गाडी हलली. पन्नासावा वाढदिवस तुम्ही एकट्याच साजरा कराल, तोही पिपरियाला.

समजा, तसं काही झालं नाही आणि वेळेवर गाठ पडली. तरी पुढे काय? त्यांचं तिकीट नाशिकरोडपर्यंतचं. तिकीट संपायच्या आधी टीसीला गाठून पुढचं भाडं भरलं तर प्रवास वाढवून मिळतो, हे खरं. पण भाडं भरलं म्हणजे बर्थ मिळाला असं नाही. तो बर्थ नाशिकरोडपासून दुसऱ्याच कुणाच्या नावावर असणार, आणि तो माणूस उशी-चादर घेऊन समोर उभा राहणार. रिकामी जागा असेल तर टीसी देईल. डिसेंबरात, सुट्ट्यांच्या तोंडावर, रात्री एक-दोन वाजता रिकामी जागा! आणि टीसीला न सांगता तसेच पुढे बसून राहिलात तर तो विनातिकीट प्रवास. त्यात पुढचं भाडं तर भरायचंच, वर तेवढाच दंड, आणि तो २५० रुपयांपेक्षा कमी नाही.

तुम्ही म्हणाल, मग त्यांचंही तिकीट जबलपूरपर्यंतच काढते. त्यांनी कल्याणला बसावं आणि मी नाशिकरोडला. काढता येईल, पण एकाच पीएनआरवर नाही. एका पीएनआरला चढायचं स्टेशन एकच. म्हणजे दोन वेगळी तिकिटं, दोन वेगळ्या जागा, बहुधा दोन वेगळे डबे. शिवाय कल्याण सोडल्यावर टीसी त्यांच्यापाशी येणार आणि ज्यांना आपण घरी चाललोय असं वाटतंय त्यांना विचारणार, "जबलपूर?" झालं. तुम्ही अजून घरी बॅगेची चेन लावताय आणि तिकडे सगळं उघडं पडलं.

तेव्हा ते दृश्य सोडून द्या. मला विचाराल तर तुम्ही लपवायला निघालाय तेच चुकीचं आहे. प्रवासाला जायचंय हे लपवू नका. कुठे उतरायचंय, एवढंच लपवा.

जायचंय हेच लपवायचं म्हटलं की काय काय लपवावं लागतं बघा. त्यांची रजा. त्यांचे गरम कपडे, आणि पचमढी हजार मीटरच्या वर आहे, डिसेंबरात स्वेटरशिवाय नेलंत तर चौरागडाऐवजी दवाखान्याची यात्रा होईल. गोळ्या चालू असतील तर त्या. चांगले बूट. सोमवारी त्यांनी ऑफिसात कुणाला वेळ दिलेली असेल तर ती. एवढ्या गोष्टी त्यांच्या पाठीमागे हलवायच्या म्हणजे त्यांच्या साहेबांपासून तुमच्या सासूबाईंपर्यंत पाच-सहा जणांना कटात घ्यावं लागतं, आणि पाचातला एक तरी फुटतोच. उलट सरळ सांगितलंत की, "सोमवार ते बुधवार रजा टाका, थंडीचे कपडे घ्या, चालायचे बूट घ्या, कुठे ते विचारू नका," तर सगळी तयारी तेच करतात. वर महिनाभर डोकं खाजवतात, ती मजा वेगळी. वेळापत्रक तोंडपाठ असलेल्या माणसाला याहून चांगलं कोडं कुठलं?

आता मैत्रिणीच्या सल्ल्याकडे येते. बेकायदेशीर आहे का? नाही. जबलपूरचं तिकीट असताना पिपरियाला उतरलात तर दंड नाही. तुम्ही पैसे जास्त अंतराचे भरलेत आणि प्रवास कमी केलात. रेल्वेचं त्यात काही गेलेलं नाही. पुढच्या पावणेदोनशे किलोमीटरांचं भाडं मात्र परत मागायला जाऊ नका, ते गुपिताची किंमत म्हणून सोडून द्यायचं.

रेल्वेच्या तिकिटाचं गणित शिंप्याकडच्या कापडासारखं आहे. जास्त घेतलं तर कापता येतं, कमी पडलं तर जोड देताना दिसतेच. मधेच उतरायला कुणाची परवानगी लागत नाही. तिकिटाच्या पुढे जायला लागते. आणि एक बाजू लोक हमखास विसरतात: उशिरा चढायलाही लागते! तिकीट मुंबईपासून आहे आणि तुम्ही न कळवता नाशिकरोडला चढलात, तर तोवर टीसीने 'प्रवासी आला नाही' अशी नोंद करून तुमचा बर्थ आरएसीवाल्याला, म्हणजे अर्ध्या जागेवर वाट बघत बसलेल्याला, दिलेला असू शकतो. मग तुम्ही तिकीट दाखवून कितीही भांडा. तेव्हा शेवटाकडून हवं तेवढं कापा, सुरुवातीकडून कापायचं तर आधी कळवून.

कळवायचं म्हणजे बोर्डिंग स्टेशन बदलायचं. तिकीट काढतानाच ते निवडता येतं, किंवा नंतर आयआरसीटीसीवर, शक्यतो चार्ट (कुणाला कुठला बर्थ याची शेवटची यादी) लागायच्या आत, एकदाच. एकदा बदललं की आधीच्या स्टेशनावरून चढायचा हक्क गेला. आणि चार्ट हल्ली पूर्वीसारखा चार तास आधी लागत नाही, कितीतरी आधी लागतो. तोही गाडी जिथून सुटते तिथल्या वेळेच्या हिशेबाने, तुमच्या स्टेशनाच्या नाही. म्हणून 'संध्याकाळी बघू' असलं काही ठेवू नका. तुम्हाला जाताना याची गरजच नाही, दोघंही नाशिकरोडलाच चढा. परतीला मात्र कामाला येईल, ते पुढे सांगते.

जबलपूरच्या तिकिटाचा खरा उपयोग रात्री दोन वाजता कळतो. तुम्ही आपापल्या बर्थवर टेकलाय, टीसी हातातली टॅब घेऊन येतो, नावं वाचतो आणि मोठ्याने विचारतो, "जबलपूर, दो?" तुम्ही ओळखपत्र दाखवता, तो पुढे जातो. हे वरच्या बर्थवरून कान टवकारून ऐकतात आणि मनात जबलपूरजवळच्या भेडाघाटचे संगमरवरी कडे रंगवत झोपी जातात. इथे पिपरियाचं तिकीट असतं तर? विदर्भातल्या माणसाला 'पिपरिया' हा एक शब्द पुरे. रात्रभर झोपले नसते.

आणि तुम्हाला खोटंही बोलावं लागत नाही. "तिकीट कुठलं?" "जबलपूरचं." शंभर टक्के खरं. त्यापुढे एक अक्षर बोलू नका. जबलपूरला कुणाचं तरी लग्न आहे, मावसबहिणीची वास्तुशांत आहे, असली गोष्ट रचायला जाल तर "आहेराचं काय?" हा पुढचा प्रश्न येणार. तसंच भेडाघाटचं वर्णनही करू नका. माणूस एकदा नर्मदेच्या धबधब्याची वाट बघायला लागला की त्याला आधीच्या स्टेशनावर उतरवणं म्हणजे पानावरून उठवणं.

जास्त अंतराच्या तिकिटाचा आणखी एक फायदा कधीकधी होतो. मधल्या स्टेशनांना कोटा तुटपुंजा असतो, त्यामुळे पिपरियाला वेटिंग दिसत असताना त्याच गाडीत जबलपूरचं कन्फर्म मिळून जातं. पण हे तुम्हाला सांगताना माझं मन थोडं खातं. तुम्ही पिपरियाला उतरल्यावर दोन बर्थ जबलपूरपर्यंत रिकामे जाणार, आणि कुणीतरी दाराशी पेपर अंथरून बसलेलं असणार. म्हणून एक करा. सकाळी इटारसी आली की हातपाय मोकळे करायच्या निमित्ताने उतरा, टीसीला गाठा आणि हळूच सांगा, आम्ही पिपरियाला उतरतोय, या दोन जागा कुणाला तरी द्या. तो खूश, बसणारा खूश. आणि दिवाळीत किंवा मे महिन्यात ही युक्ती करूच नका, तेव्हा एकेका बर्थसाठी लोक रडकुंडीला आलेले असतात.

आता फोन. तुमच्या बेताला खरा धोका टीसीकडून नाही, फोनकडून आहे.

माझीच फजिती सांगते. काही वर्षांपूर्वी आई-बाबांना लग्नाच्या वाढदिवसाला न सांगता घेऊन जायचं होतं. मी भावाच्या खात्यावरून तिकिटं काढली, पैसे माझे, ईमेल माझा, सगळं चोख. फक्त प्रवाशांची माहिती भरताना खाली मोबाइल नंबरचा रकाना आपोआप भरला गेला, आणि तो नंबर होता बाबांचा. कारण भावाने ते खातं कधीतरी त्यांच्याच फोनवरून उघडलेलं. महिनाभर काही झालं नाही. तिकीट काढलं त्या दिवशीचा मेसेज बाबांनी जाहिरात समजून न वाचताच सोडून दिला होता. ज्या दिवशी निघायचं त्या दुपारी चार्ट लागला आणि बाबांचा फोन आला: "अगं, एस पाचमधली एकतीस नंबरची शीट कुणाची? नाव माझं कसं काय?" आई मागून विचारत होती, काय झालं, काय झालं. मी भाजी घेत होते, पिशवी तिथेच विसरून आले.

तेव्हा, तुमचं स्वतःचं वेगळं खातं उघडा. ह्यांच्या खात्यावर काढलेलं प्रत्येक तिकीट त्यांना जुन्या तिकिटांच्या यादीत दिसतं, ते लपवायची सोय नाही. खातं आधारशी जोडून घ्या, आणि ते आजच करा. २०२५पासून तत्काळ तिकिटं ऑनलाइन काढायला आधारची खात्री लागते, आणि नेहमीचं आरक्षण उघडतं तो पहिला दिवसही आता आधार जोडलेल्या खात्यांनाच. इथे एक सापळा आहे. आपल्याकडच्या कितीतरी बायकांच्या आधारला नवऱ्याचा मोबाइल नंबर जोडलेला असतो, कारण आधार काढताना रांगेत फोन त्यांच्याच खिशात होता. तुमचंही तसंच असेल तर ओटीपी जाईल थेट ठाण्याला, आणि हे तिकडून फोन करून विचारतील, "आधारचा ओटीपी आलाय, कुणी फसवतंय का तुला?" आधी तो नंबर बदलून घ्या. आधार केंद्रावर जाऊन या, हे काम डिसेंबरवर ढकलू नका.

तिकीट काढताना मोबाइल नंबरच्या रकान्यात काय आहे ते दोनदा वाचा. त्याच नंबरवर तिकिटाचा मेसेज येतो, त्याच नंबरवर चार्टनंतरचा डबा-बर्थ येतो, गाडी रद्द झाली तर तेही तिथेच. ४५ पैशांचा प्रवास विमा घेतलात तर विमा कंपनीचा वारसाचं नाव भरायचा मेसेजही येतो. विमा घ्याच, पैशांकडे बघून नको म्हणू नका; फक्त तो मेसेज कुठे जातोय ते माहीत असू द्या. पैसे संयुक्त खात्यातून देऊ नका. बँकेचा मेसेज दोघांनाही येऊ शकतो, आणि 'आयआरसीटीसी' हे नाव त्यात ठळक असतं.

पण तुम्ही म्हणता, ते तुमचाही फोन बघतात. मग हे सगळं करून काय उपयोग? दोन वाटा आहेत. एक, नंबर तुमच्या मैत्रिणीचा टाका, तीच आता या कटाची सूत्रधार. तिला एवढंच बजावा की गाडीबद्दलचा कुठलाही मेसेज आला तर लगेच फोन करायचा, नुसता पुढे पाठवायचा नाही. दुसरी वाट जुनी आणि मला जास्त आवडणारी: दुपारी आरक्षण खिडकीवर जा, फॉर्म भरा, रोख पैसे द्या आणि छापील तिकीट पोळ्यांच्या डब्याखाली ठेवा. स्वयंपाकघरात ते जिथे कधीच हात घालत नाहीत अशी एक तरी जागा असेलच. फॉर्मवरही मोबाइल नंबर विचारतात, तिथेही मैत्रिणीचाच टाका. छापील तिकिटाची एक गोष्ट ध्यानात ठेवा: ते प्रवासात जवळ असलंच पाहिजे, फोनवरचा फोटो चालत नाही. ई-तिकिटाला नुसता मेसेज आणि मूळ ओळखपत्र पुरतं.

ओळखपत्राचं सोपं आहे. दोघं एका पीएनआरवर असाल तर एकाचं मूळ ओळखपत्र पुरतं, तुमचं तुम्ही पर्समध्ये ठेवा, त्यांना काही विचारू नका. नाव मात्र खरंच लिहा. गुपितासाठी माहेरचं नाव किंवा घरातलं लाडकं नाव टाकायची कल्पना कुणी सुचवली तर ऐकू नका. तो पोरखेळ टीसीसमोर महागात पडतो.

तारीख! हे मी वेगळं सांगते, कारण इथे शिकलेसवरलेले लोक फसतात. तुमची गाडी नाशिकरोडला मध्यरात्रीनंतर येते. शुक्रवारी रात्री हे घरी येतील, शनिवारी दिवसभर आराम करतील, शनिवारी रात्री जेवून तुम्ही दोघं स्टेशनावर जाल. म्हणजे तिकीट कुठल्या तारखेचं? रविवारच्या. शनिवारची तारीख टाकलीत तर तुमची गाडी शुक्रवारच्याच रात्री निघून गेलेली असेल, हे घरी येऊन हातपाय धूत असतील तेव्हा. फलाटावर गेल्यावर हे कळलेली माणसं मी पाहिली आहेत. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं (२०२४च्या नोव्हेंबरपर्यंत १२० दिवस होतं, ते गेलं), तेव्हा कॅलेंडरवर त्या दिवसाला खूण करा. खूण म्हणजे नुसता ठिपका. 'पचमढी' असं लिहू नका.

गाडी निवडताना ती पिपरियाला थांबते ना, हे बघा. त्या मार्गावरची प्रत्येक गाडी थांबत नाही, आणि जबलपूरचं तिकीट काढताना आयआरसीटीसी तुम्हाला पिपरियाबद्दल काही सांगणार नाही. तुम्हीच गाडीच्या थांब्यांची यादी उघडून बघायची. जमलं तर जबलपूरलाच संपणारी गाडी घेऊ नका. वाराणसी, प्रयागराज, हावडा असं लांबचं नाव पाटीवर असलेली घ्या. फलाटावरच्या पाटीवर 'वाराणसी' वाचून हे काशीयात्रेचा अंदाज बांधतील, टीसी 'जबलपूर' म्हणेल, आणि दोन्ही चूक! मला तर हे लिहितानाच मजा येतेय.

परतीचं तिकीट त्याच वेळी काढून ठेवा. तिथे काही लपवायचं नाही, पिपरिया ते नाशिकरोड सरळ काढा. वेटिंग दिसलं तर जबलपूरपासूनचं काढा आणि काढतानाच बोर्डिंग स्टेशन पिपरिया निवडा. विसरलात तर मघाशी सांगितलेलं तेच होईल, बर्थवर दुसराच कुणी घोरत असेल.

ऐनवेळी त्यांना रजा मिळाली नाही तर? तिकीट रद्द करायचं तर जितकं लवकर तितके पैसे कमी जातात. चार्ट लागल्यावर कन्फर्म तिकिटाचे पैसे विसरायचे. किंवा गाडी सुटायच्या २४ तास आधीपर्यंत आरक्षण कार्यालयात अर्ज करून त्यांच्या जागी मुलाचं, मुलीचं, भावाचं नाव घालता येतं, नात्याचा पुरावा दाखवून, तेही एकदाच. पण ज्याचा वाढदिवस तोच ऑफिसात आणि मुलगा चौरागडावर, असा वाढदिवस मला तरी पटत नाही. रद्द करा आणि पुढच्या महिन्यात जा. फक्त महाशिवरात्रीच्या आसपास नको, तेव्हा चौरागडाला जत्रा असते. तुम्हाला दोघांनाच जायचं असेल तर ती गर्दी झेपणार नाही. अर्थात आजोबा जायचे ते त्या गर्दीतूनच. हे तुमचं तुम्ही ठरवा.

एक प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण मी विचारते. त्यांचे गुडघे कसे आहेत? चौरागडाला हजाराच्या वर पायऱ्या आहेत. आतापासून संध्याकाळी दोघांनी चालायला सुरुवात केलीत तर "एकदम काय हे?" म्हणतील, वजनाचं कारण सांगा, पन्नाशीत ते कुणालाही पटतं.

हॉटेलला तुमचा नंबर देऊ नका, तोही मैत्रिणीचा द्या. हॉटेलवाले आदल्या दिवशी हमखास फोन करतात, "मॅडम, पचमढी कितने बजे पहुंचेंगे?" आणि फोन नेमका ह्यांच्या हातात असतो.

राहिलं सांगायचं कधी. इटारसीपर्यंत गप्प. तिथे गाडी बराच वेळ थांबते, चहा होतो, आणि वेळापत्रकवाला माणूस मोबाइलवर पुढची स्टेशनं काढून बसतो. बसू दे. पुढचं प्रत्येक स्टेशन त्याला दिसेल, आपलं कुठलं ते दिसणार नाही. मग तवा नदीचा पूल येतो, डोंगर जवळ सरकतात. त्या डोंगरांकडे बघून त्यांच्या चेहऱ्यावर काही हललं तर तुम्ही खिडकीबाहेर बघा. सोहागपूर गेलं की उठा आणि बर्थखालची बॅग ओढा. ते म्हणतील, "अजून जबलपूर लांब आहे." तुम्ही म्हणा, "हो, लांब आहे," आणि दुसरी बॅग ओढा.

तिथेच सांगावंसं वाटलं तर सांगा. पण पिपरियाच्या स्टेशनाबाहेर जीपवाले प्रत्येक उतरणाऱ्याला "पचमढी, पचमढी" करून हाका मारत असतात. मी तुमच्या जागी असते तर त्यांनाच मारू दिल्या असत्या.